तांब्याची खनिजे आणि लिथियमची बॅटरी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णा नदीच्या काठचे गाव. कपाशी, मका, सोयाबीन आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे मोसंबी, असा या टापूतील शेतीचा रिवाज. फवारणीच्या दिवसांत इथल्या शेतकऱ्याच्या पाठीवर जो पंप दिसतो, तो आता हाताने दांडा हलवण्याचा राहिलेला नाही. तो 'चार्जिंगचा पंप' असतो. रात्री घरी भिंतीवरच्या सॉकेटला लावायचा आणि सकाळी पाठीवर अडकवून शेतात जायचे. पंपाच्या तळाशी असलेली बॅटरी पूर्वी शिसे व आम्लाची, चांगलीच जड असे. अलीकडे तिच्या जागी हलकी लिथियम-आयन बॅटरी येऊ लागली आहे. वरच्या टाकीत, मोसंबी-डाळिंबाची बाग असेल तर, अनेकदा हिरवट रंगाचे कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवलेले असते. बुरशीवरचे हे जुने आणि खात्रीचे औषध.

म्हणजे टाकीत तांबे आणि टाकीखालच्या बॅटरीतही तांबे. मध्ये प्लास्टिकची एक भिंत. भिंतीच्या वरचे तांबे हे एका खनिजाचे जुळे भावंड आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइडचे रासायनिक घटक आणि चिली देशातील अटाकामा वाळवंटावरून ज्याला नाव मिळाले त्या 'अटाकामाइट' या हिरव्या खनिजाचे घटक एकच आहेत. योगायोग असा की, जगातील लिथियमचा एक फार मोठा साठा याच अटाकामाच्या खाऱ्या मैदानात आहे आणि तांब्याच्या उत्पादनात चिलीचा क्रमांक जगात पहिला लागतो. निसर्गाने हे दोन धातू एका वाळवंटात शेजारी ठेवले. बॅटरीतही त्यांना शेजारी ठेवता येईल काय, तांब्याच्या खनिजांच्या पोटात लिथियम साठवता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षे विचारीत आहेत. त्याची उत्तरे 'होय' आणि 'नाही' यांच्या मधल्या पट्ट्यात पडतात. वर्तमानपत्री बातम्यांत मात्र त्यातले 'होय' तेवढे छापले जाते, म्हणून हा प्रपंच.

बॅटरीत आज तांबे कुठे आहे?

लिथियम-आयन घटात दोन विद्युतअग्रे असतात. ऋणाग्र बहुधा ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या कुळातील कार्बनचे. धनाग्र लिथियम आणि कोबाल्ट, निकेल, मँगनीज किंवा लोह यांच्या संयुगाचे. घट भरताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि घट वापरताना परत येतात. ग्रॅफाइटचा लेप ज्या पातळ पत्र्यावर दिलेला असतो तो पत्रा तांब्याचा. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलके असूनही इथे चालत नाही, कारण ऋणाग्राच्या कमी व्होल्टेजला लिथियम त्याच्याशी मिसळून मिश्रधातू बनवते आणि पत्रा भुसभुशीत होतो. तांबे लिथियमला असे जवळ करीत नाही. आजच्या बॅटरीत तांब्याचे काम वीज वाहून नेण्याचे आहे. साठवण्याच्या कामात त्याचा हात नाही.

विजेच्या इतिहासात मात्र तांब्याने याहून मोठी कामे केली आहेत. १८३६ साली जॉन फ्रेडरिक डॅनियल याने बनवलेला घट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला असेल: एका बाजूला जस्त आणि दुसऱ्या बाजूला तांबे व मोरचुदाचे निळे द्रावण. १८८१ मध्ये फ्रान्समधील लालांद याने तांब्याचे काळे ऑक्साइड वापरून घट तयार केला. एडिसनने त्यात सुधारणा करून तो बाजारात आणला आणि रेल्वेचे सिग्नल त्यावर बराच काळ चालले. १९७०च्या दशकात लिथियम आणि कॉपर सल्फाइड यांचे घट हृदयाच्या पेसमेकरमध्ये बसवले गेले. लिथियम आणि कॉपर ऑक्साइडचे दीड व्होल्टचे घटही निघाले. परंतु लिथियमचे हे घट एकदाच वापरायचे, संपले की फेकून द्यायचे. पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या घटात तांब्याचे संयुग टिकवणे ही निराळीच विद्या आहे.

वाडा, भाडेकरू आणि पाडकाम

ती निराळी का, हे समजून घेण्यासाठी लिथियम साठवण्याच्या दोन रीती पाहाव्या लागतील. ग्रॅफाइट हे जुन्या वाड्यासारखे आहे. खोल्या आधीच बांधलेल्या आहेत, लिथियम भाडेकरूसारखे येते आणि जाते. वाड्याच्या भिंतींना धक्का लागत नाही, म्हणून तो हजारो वेळा भरता-रिकामा करता येतो. मात्र खोल्यांची संख्या ठरलेली आहे. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक. हिशेब केला तर एका ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास एवढाच विद्युतभार मावतो.

तांब्याच्या काळ्या ऑक्साइडची रीत दुसरी. खनिजशास्त्रात त्याला टेनोराइट म्हणतात. लिथियम आत शिरले की ते ऑक्सिजनला तांब्यापासून तोडते आणि आपल्याकडे घेते. मागे उरतात शुद्ध तांब्याचे अतिसूक्ष्म कण आणि लिथियम ऑक्साइड. वाडाच पाडला जातो. घट भरताना त्याच विटांतून तो पुन्हा उभा करायचा! तांब्याच्या एका अणूमागे लिथियमचे दोन अणू गुंतत असल्याने हिशेबाने एका ग्रॅममध्ये ६७४ मिलिअँपिअर-तास मावतात, ग्रॅफाइटच्या पावणेदोनपटीहून थोडे अधिक. शिवाय या ऑक्साइडची घनता ग्रॅफाइटच्या जवळपास तिप्पट असल्याने तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक वीज बसू शकते. छोट्या उपकरणांत वजनाहून जागा महाग असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यामागचे आकर्षण कळते.

पाडलेला वाडा पुन्हा बांधता येतो, हे फ्रान्समधील आमियाँ येथील ज्याँ-मारी तारास्काँ यांच्या गटाने २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. कोबाल्ट, निकेल, तांबे आणि लोह यांच्या ऑक्साइडांचे कण नॅनो आकाराचे असतील, तर ही तोडजोड शंभर वेळा केली तरी साठवणक्षमता टिकते, असे त्यात मांडले होते. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत धातूंच्या ऑक्साइडांची जणू जत्रा भरली. भारतातही भरली. आजही पदार्थविज्ञानाच्या एखाद्या विद्यापीठीय विभागात गेलात, तर कॉपर ऑक्साइडची नॅनो-फुले, नॅनो-तारा किंवा नॅनो-पाने काढणारा संशोधक विद्यार्थी भेटण्याचा संभव बराच आहे.

इंद्रनीळ रंगाचा दगड

ऑक्साइडांखालोखाल लक्ष गेले ते सल्फाइडांकडे, आणि इथे विषय अधिक रंजक होतो. तांबे व गंधक यांच्या गडद निळ्या, मोराच्या गळ्यासारख्या झाक मारणाऱ्या खनिजाचे नाव कोव्हेलाइट. इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर ते शोधणाऱ्या निकोलो कोव्हेल्ली याच्या नावावरून १८३२ मध्ये हे नाव पडले. (केदारखेडा ज्या तालुक्यात येते त्या भोकरदनचे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनाचे, व्हेसुव्हियसशी एक जुने नाते आहे. या ज्वालामुखीने गाडलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पुढे १९७०च्या दशकात भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती मिळाली आणि पाँपेईची मूर्ती इकडूनच गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले.)

कोव्हेलाइटचे वैशिष्ट्य असे की, ते खनिज असूनही जवळजवळ धातूसारखे वीज वाहून नेते. बहुतेक इलेक्ट्रोड पदार्थांत काजळीसारखा कार्बन मिसळावा लागतो, कारण ते स्वतः विजेचे मंद वाहक असतात. कोव्हेलाइटला ही गरज बेताचीच. लिथियमशी त्याची प्रक्रिया सुमारे दोन व्होल्टच्या आसपास होते आणि हिशेबाने एका ग्रॅममध्ये ५६० मिलिअँपिअर-तास मावतात. त्याच्याच जवळचे खनिज कॅल्कोसाइट. त्यात तांबे दुप्पट, म्हणून क्षमता ३३७. तिसरे कॅल्कोपायराइट, म्हणजे तांबे, लोह आणि गंधक यांचे सोनेरी खनिज. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात ते बहुधा हेच. जगातील बहुतांश तांबे याच दगडातून निघते.

सुवर्णमाक्षिकाबाबत एक निराळा विचार पुढे आला आहे. आज खाणीतून निघालेला हा दगड भट्टीत जाळून त्यातील गंधक काढून टाकतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो, आणि तो आवरण्यासाठी वेगळा कारखाना लागतो. दगडाचे शुद्धीकरण करून, बारीक भुकटी करून, थेट बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये घातले तर ही भट्टीच टळेल. चीनमधील काही प्रयोगशाळांनी नैसर्गिक खनिज अशा रीतीने तपासलेही आहे. मात्र खाणीतला दगड एकसारखा नसतो. आज आलेल्या टोपलीत क्वार्ट्झ अधिक, उद्याच्या टोपलीत पायराइट अधिक. बॅटरी उद्योगाला तर दहा लाखांत काही मोजके कण एवढ्या अशुद्धीचाही हिशेब ठेवावा लागतो. दगडाचा कारखाना आणि घटाचा कारखाना यांच्या शिस्तीत हे अंतर आहे.

हिरव्या खनिजांचेही प्रयोग झाले आहेत. न वापरलेल्या तांब्याच्या हंड्यावर जो हिरवा थर चढतो, त्याचा सख्खा नातेवाईक म्हणजे मॅलाकाइट. कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड दोन्ही पोटात असलेले हे खनिज ऋणाग्र म्हणून तपासले गेले. अशा खनिजांत लिथियमने करायची तोडफोड आणखी मोठी असते आणि पहिल्याच फेरीत बरेचसे लिथियम कायमचे अडकून पडते. घटात लिथियम मोजून घातलेले असते. पहिल्याच दिवशी त्यातला मोठा वाटा गिळून टाकणारा इलेक्ट्रोड कोणता कारखानदार घेईल?

खिळा आणि मोरचूद

या साऱ्या कहाणीतला सर्वात देखणा प्रयोग २००३ सालचा आहे. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबूस थर चढतो, हा विस्थापनाचा प्रयोग दहावीपर्यंत प्रत्येकाने केलेला असतो. लोह द्रावणात जाते, तांबे बाहेर येते. तारास्काँ यांच्याच गटातील मातियू मॉर्क्रेट व सहकाऱ्यांनी तांबे, व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांच्या थरांच्या एका संयुगात नेमके हेच घडताना पाहिले, फरक एवढाच की द्रावणाऐवजी घन स्फटिकात. लिथियम थरांत शिरले आणि तांबे बाहेर ढकलले गेले. ते बारीक तंतूंच्या रूपाने स्फटिकाबाहेर वाढू लागले. घट भरायला घेतला तर हे तंतू विरघळले आणि तांबे स्फटिकात आपल्या जागी परत गेले! मोरचुदाच्या द्रावणातून खिळ्यावर आलेले तांबे कुणी आपणहून परत गेलेले पाहिले नसेल. या संयुगाची क्षमता सुमारे २.७ व्होल्टला दर ग्रॅममागे २७० मिलिअँपिअर-तास होती. 'नेचर मटेरियल्स'मध्ये हा शोधनिबंध आला तेव्हा त्याची बरीच वाहवा झाली.

वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. यातले एकही संयुग तुमच्या मोबाइलमध्ये नाही, स्कूटरमध्ये नाही आणि केदारखेड्याच्या फवारणी पंपातही नाही. याची कारणे लपलेली नाहीत. फक्त ती शोधनिबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात असतात.

पहिले कारण व्होल्टेजचे. तांब्याचे ऑक्साइड ऋणाग्र म्हणून वापरले तर ते ग्रॅफाइटपेक्षा बऱ्याच वरच्या व्होल्टेजला काम करते, त्यामुळे पूर्ण घटाचे व्होल्टेज घटते. साठवण वाढली पण दाब कमी झाला, तर हाती आलेली ऊर्जा तेवढीच राहते किंवा कमीही होते. सल्फाइड धनाग्र म्हणून वापरावे तर दोन व्होल्ट तिथे फारच थोडे, आणि त्यात स्वतःचे लिथियम नसल्याने समोर धातुरूप लिथियम ठेवावे लागते. त्याची सुरक्षितता हा वेगळाच डोकेदुखीचा विषय आहे. दुसरे कारण तफावतीचे. पाडण्या-बांधण्याच्या रीतीत घट भरायला लागणारे व्होल्टेज आणि उतरताना मिळणारे व्होल्टेज यांत मोठे अंतर पडते. ते अंतर उष्णता होऊन वाया जाते. सोळा आणे घालून दहा-अकरा आणे परत घेणे वीज कंपनीला परवडणारे नाही. तिसरे कारण गंधकाचे. सल्फाइडाच्या फेऱ्या होत असताना गंधकाची विद्राव्य संयुगे तयार होऊन द्रवात भटकू लागतात.

या भटक्या गंधकाने संशोधकांनाही चकवले आहे. अनेकांनी निरनिराळ्या धातूंची सल्फाइडे तांब्याच्या पत्र्यावर लेपून तपासली आणि काही फेऱ्यांनंतर क्षमता वाढताना पाहून आनंद मानला. पुढे उलगडा झाला की, गंधक सरळ खालच्या पत्र्याला जाऊन भिडत होते आणि तिथे कॉपर सल्फाइड तयार होत होते. तपासायला घेतला एक पदार्थ आणि आकडे आले तांब्याचे. दुधाचा कस पाहायचा आणि कळकलेल्या भांड्याची चव सांगायची, तसा हा प्रकार.

चौथे कारण बाजाराचे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच निर्णायक. तांबे कोबाल्टपेक्षा स्वस्त आहे खरे. कोबाल्ट तर मुख्यतः काँगोतील तांब्याच्याच पट्ट्यातून येते आणि तिथल्या हातखाणींत लहान मुले राबत असल्याचे वारंवार उघड झाले आहे; त्याला पर्याय शोधणे आवश्यकच होते. पण तो पर्याय तांब्याच्या आधी लोहाने दिला. लोह, फॉस्फरस आणि लिथियम यांचे ट्रायफिलाइट नावाचे खनिज १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी व सहकाऱ्यांनी धनाग्र म्हणून पुढे आणले. आज विजेच्या असंख्य वाहनांत त्याच रचनेचे कृत्रिम संयुग आहे. खनिजाची नक्कल करून बॅटरी बनते ही कल्पना खोटी नव्हती. फक्त जिंकले ते लोहाचे खनिज. तांब्याची किंमत तर मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कापून नेणारे चोर तिच्या आतल्या तांब्यासाठीच येतात.

सोडियमच्या दारी

तरीही तांब्याला धनाग्रात मानाची जागा मिळाली, ती लिथियमच्या घरी नव्हे, सोडियमच्या. बीजिंगच्या भौतिकशास्त्र संस्थेतील हू योंगशेंग यांच्या गटाने २०१५ मध्ये सोडियम, तांबे, लोह व मँगनीज यांचे थरांचे ऑक्साइड सादर केले. त्यात ना निकेल ना कोबाल्ट. तांब्यामुळे ते हवेत टिकते आणि विद्युतभाराच्या देवघेवीतही तांबे स्वतः भाग घेते. इथे वाडा पाडावा लागत नाही. सोडियम भाडेकरूसारखेच येते-जाते. याच संशोधनातून २०१७ मध्ये हायना बॅटरी ही कंपनी उभी राहिली आणि २०१९ मध्ये तिने शंभर किलोवॅट-तासांचे साठवण केंद्र चालवून दाखवले. गंमत अशी की, सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवीत नसल्याने या घटात ऋणाग्राचा पत्रा ॲल्युमिनियमचा चालतो. तांबे पत्र्यातून बाहेर पडले आणि धनाग्रात जाऊन बसले.

महाराष्ट्रात सोडियमच्या दिशेने हालचाल आहे. पुण्यातील केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच 'आयसर' या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. मुंबईच्या आयआयटीतील सागर मित्रा यांचा गट लिथियम व सोडियम या दोन्ही घटांवर काम करतो. तारास्काँ यांच्या गटाने २००६ मध्ये तांब्याच्या नॅनो-दांड्यांच्या जंगलावर लोहाच्या ऑक्साइडचा लेप देऊन झटपट भरणारे इलेक्ट्रोड बनवले, त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मित्रा होते. पुण्याच्या पाषाण परिसरातील 'सी-मेट' ही केंद्र सरकारची संस्थाही बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन करते.

कच्च्या मालाचे काय? केदारखेड्याच्या जमिनीखाली बेसाल्ट आहे. तिथे तांब्याच्या खाणीची आशा नाही. दख्खनच्या पठाराची पूर्व कड ओलांडली की चित्र बदलते. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे सुवर्णमाक्षिकाचा साठा भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. गोंदियाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची देशातील सर्वात मोठी तांब्याची खाण आहे. तिथेही मुख्य खनिज कॅल्कोपायराइटच. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी प्रसिद्ध केली, तीत लिथियम, कोबाल्ट, निकेल यांच्याबरोबर तांबेही आहे. तुतिकोरिनचा तांबे शुद्धीकरणाचा मोठा कारखाना २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर शुद्ध तांब्याची निर्यात करणारा आपला देश आयातदार झाला, ही त्यामागची पार्श्वभूमी. २०२३च्या फेब्रुवारीत जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम खनिजाचा अंदाज जाहीर झाला तेव्हा मोठी धूम झाली होती. अंदाज आणि खाण यांत कित्येक वर्षांचे अंतर असते, हे तेव्हा फार कमी ठिकाणी छापले गेले. आमच्या व्यवसायाचा तो दोष मान्य केला पाहिजे.

जालन्याशेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत विजेच्या दुचाकींचा कारखाना उभारण्याची घोषणा एथर एनर्जीने २०२४ मध्ये केली. तिथल्या बॅटऱ्यांत तांबे असेल ते पत्र्याच्या, तारांच्या आणि मोटारीच्या वेटोळ्यांच्या रूपानेच.

त्या पत्र्याबद्दल शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण चार्जिंगच्या पंपाचा वापर हंगामी असतो. लिथियम-आयन घट अगदी खोलवर उतरला तर ऋणाग्राचे व्होल्टेज चढत जाते आणि एका मर्यादेपलीकडे तांब्याचा पत्राच विरघळू लागतो. पुन्हा चार्जिंगला लावला की हे विरघळलेले तांबे भलत्याच जागी जमा होते, आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. बॅटरीतील संरक्षक सर्किट वापर चालू असताना घट इतका उतरू देत नाही. पण रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने अडगळीत पडली तर ती आपोआप उतरत राहते. म्हणून फवारणी संपली की पंप निम्म्याच्या आसपास चार्ज करून सावलीत ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडा चार्ज करावा. फुगलेली बॅटरी मात्र चार्जिंगला लावूच नये.